आबांची मागे राहिलेली ट्रंक

आमचे शेजारी आबा आगबोटीत बसले की पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधत. दुसरं टोक सामानाला. झोपेत कोणी गाठोडं ओढलंच तर आधी आपण ओढले जावं, असा त्यांचा बेत. एकदा मी बरोबर असताना ते पाणी प्यायला उठले आणि आपल्याच वळकटीवर पालथे पडले. उठून म्हणतात, "बघितलंत मास्तर? सामान हललं की कळतं!"

अशा माणसाची ट्रंक हरवावी? पण त्या वैशाखात मुंबईच्या धक्क्यावरच्या कारकुनाने ती जड म्हणून बोटीच्या तळाशी मालात टाकायला लावली. रत्नागिरीला बोटीपासून किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावातून वळकटी उतरली, आबा उतरले, ट्रंक नाही. आणि ट्रंकेत, तांदळात नीट बसवलेले, घरचे देव! मुंबईला पुतण्याकडे राहायला जाताना मागे पूजा कोण करणार, म्हणून बरोबर नेलेले.

बोटीच्या एजंटाने पावतीवर बोट ठेवलं. "मुंबईलाच राहिली असेल. उशीर झाला, मोडतोड झाली, तरी कंपनी जबाबदार नाही. मालाची किंमत सांगितली होतीत?"

"देवांची किंमत?" आबांनी पावती उचलून कनवटीला लावली.

पाऊस तोंडावर आलेला. आता एकच बोट यायची होती. मग बंदर बंद, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. आबांनी जेवण टाकलं, नुसत्या पेजेवर राहिले.

"ते तिथे उपाशी. मी कसा जेवू हो?"

"आबा, देवच ते. त्यांना कसली काळजी?"

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणत ते पुन्हा बंदराकडे चालू लागत. मला हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. पावसाळाभर हा म्हातारा असा टिकणार नव्हता.

शेवटची बोट आली तेव्हा समुद्र खवळलेला. पडाव लागण्याआधीच आबा गुडघाभर पाण्यात. ट्रंक आली! कोपरा चेपलेला, कुलूप वाकडं. एजंटही नरमला. "तक्रार द्या, वर कळवतो."

आबांचं लक्षच नव्हतं. वाळूत बसून त्यांनी ट्रंक उघडली, शाळिग्राम आणि अन्नपूर्णा बाजूला सारून तांदळात खोल हात घातला. बाहेर आला बोटभर पितळी बाळकृष्ण, डोक्यावर लोकरीचं टोपडं. टोपडं आबांच्या बायकोच्या, काकूंच्या हातचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज रात्री त्या ह्यालाच टोपडं घालून निजवायच्या. म्हणजे काकू गेल्यावर ते काम आबा करत होते, आणि भिंतीला भिंत असून मला पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"अंधारात भ्यालास होय रे?" आबा पुटपुटले. त्याला उपरण्यात गुंडाळून, छातीशी धरून झपाझपा घराकडे निघाले.

उघडी ट्रंक आणि बाकीचे देव तसेच वाळूत राहिले. ते मी घेऊन आलो.