नानांचं ‘चालंल’

आमच्या शेजारचे किसननाना कुठलीही वस्तू आतून बघितल्याशिवाय चांगली म्हणत नसत. मी नवी गादी आणली तेव्हा शेजारधर्म म्हणून ते बघायला आले आणि खिशातल्या चाकूनं त्यांनी तिची एक शिवणच उसवली.

"आत चिंध्या भरून देतेत, मास्तर. वरून सगळंच पिवळं असतं!"

गादी निळी होती. पण वसमतच्या हळदीच्या बाजारात माल पारखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे कोण सांगणार? ढिगातून हळकुंड उचलायचं, कट्‌कन मोडायचं, आवाज ऐकायचा आणि आतला रंग बघायचा, हा त्यांचा धंदा. प्रसादाचा पेढासुद्धा ते मोडून, आत डोकावून मगच तोंडात टाकत. कौतुक मात्र कशाचंच नाही. उत्तमातल्या उत्तम मालाला त्यांचा एकच शेरा, "चालंल." मुलगी पहिल्या श्रेणीत पास झाली, "चालंल." काकूंच्या पुरणपोळीलाही लग्न झाल्यापासून तेवढंच.

गावात मोबाइल नुकते दिसू लागले होते, त्या सुमारास काकूंची पाठ धरली. लेप झाले, शेक झाले. वय झालं, आता दुखायचंच, असं सगळे म्हणाले. नाना ऐकेनात.

"आत बघितल्याबिगर कसं कळंल?"

शेवटी आम्ही तिघं एसटीनं नांदेडला गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डोक्यापासून मांडीपर्यंत हाडांचे फोटो काढायला लावले. आतून काकूंना "श्वास रोखा" असं सांगितलं की बाहेर बाकावर नानाही श्वास रोखत. एकदा "सोडा" म्हटलेलं त्यांना ऐकूच आलं नाही. चेहरा लालबुंद झाला तेव्हा मीच पाठीत थाप मारली.

काकूंना बाहेर बसवून डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. कवटीत काळी, गोल भोकं दिसत होती.

"हा रक्ताचा कॅन्सर आहे. हाडांच्या मज्जेत वाढतो आणि हाडं आतून पोखरतो. मुळापासून जात नाही, पण औषधानं रोखता येतो. नवी भोकं पडतात का, ते अधूनमधून फोटो काढून बघत राहू. आणि त्यांना जपा. साध्या धक्क्यानंही हाड मोडेल."

मोडण्यात ज्यांचा हातखंडा, ते नाना या शब्दाला घाबरले. घरी आल्या आल्या त्यांनी काकूंच्या पायात येणारा उंबरा काढून टाकला. घागर स्वतः भरू लागले. नांदेडला जाताना दर वेळी एसटीच्या ड्रायव्हरला बजावत, "गाडी हळू चालवा, काचसामान हाय."

"कुठं हाय?" त्यानं विचारलं की नाना काकूंकडे बोट दाखवत.

"म्या काय बरणी हाय का?" काकू करवादत.

दर वेळी घरी आले की नाना खिडकीत जुना आणि नवा फोटो शेजारीशेजारी धरत. बाजेवरून काकू विचारत, "कसा हाय?"

"चालंल."

मग काकू निवांत चहाला उठत.

पण एका खेपेला, काकू बाहेर बसल्या असताना, डॉक्टरांनी मांडीच्या हाडात नवं भोक दाखवलं. औषध बदलावं लागणार होतं. नाना म्हणाले, "बदला. आमी मागं हटत न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी फोटो खिडकीत धरला. काकूंनी नेहमीसारखं विचारलं. नानांनी घसा साफ केला.

"एक नंबर! असा फोटो आख्ख्या नांदेडात कुणाचा न्हाई!"

एवढं बोलून ते चपला न घालताच बाहेर निघून गेले. काकू माझ्याकडे वळल्या.

"वाढलं ना हो, मास्तर?"

"काहून असं म्हणता?"

"चांगला असता तर 'चालंल' म्हणले असते."

काकूंनी पदर खोचला.

"मला कळलंय म्हून त्यांला सांगू नका. लई मेहनतीनं खोटं बोललेत. नवी गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर, तेवढं सांगा."

काही महिने दोघंही एकमेकांपासून लपवत, हट्टानं लढत राहिले. गोळ्यांनी काकूंचे हातपाय बधिर होत, कधी पायरी दिसत असून पाऊल चुके. पण गोळी चुकली नाही.

पुन्हा फोटो निघाला. त्या वेळी मला शाळा होती, सुटल्यावर थेट त्यांच्या घरी गेलो. नाना खिडकीत दोन्ही फोटो धरून उभे होते. त्यांनी श्वास रोखला होता. बाजेवर काकूंनीही.

"कसा हाय?"

"चालंल," नाना म्हणाले.

काकूंनी पदरात तोंड लपवलं आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या. नानांना काही उमजेना. फोटो खाली ठेवून ते बाजेजवळ गेले, पण काकूंच्या खांद्यावर हात ठेवायचं धाडस होईना. तो हात तसाच वर धरून ते म्हणाले, "अगं, रडून काहून राहिलीस? चालंल म्हणलं की!"