दाऊदभाईंची गावाकडची गाणी

आखातात, आमच्या रिग्गईच्या इमारतीत कुणी बोलायला लागलं की दाऊदभाई डोळे मिटून घेत. बोलणं संपलं की निकाल देत, "माणूस बरा आहे. आवाजात माती नाही."

निकाल सगळ्यांना सारखाच. मंडळाच्या अध्यक्षांना, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला, लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईच्या आवाजालासुद्धा. गणपतीत माझ्या बायकोने भावगीत म्हटलं. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "वहिनी, गळा फार धुतलात." त्यानंतर ती त्यांना नुसतं 'या' म्हणायलाही बिचकायची.

एका केटरिंग कंपनीत ते भाजीपाल्याची खरेदी बघत. पण ओळख करून देताना "रेकॉर्ड निर्माता" असंच सांगत. रत्नागिरीकडची लग्नातली, शेतातली, होडीवरची गाणी त्यांनी गावोगाव फिरून कॅसेटवर आणली होती. एक कॅसेट तुफान चालली. मग सीडी आली, मोबाईल आला, गाणी फुकट झाली. मेहुण्याने व्हिसा पाठवला.

"लोक म्हणतात माझा धंदा बुडाला," ते म्हणत. "बुडाला कुठला? लोकांचे कान मेले!" या विषयावर ते तासभर बोलत, आणि ऐकणाऱ्याचे कानही मेलेल्यांत धरत.

त्यांची मुलगी सना इथेच वाढली. बाप मराठीत ओरडे, ती इंग्रजीत उत्तर देई. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती, की आईचा चेहरा तिला फोटोतूनच ठाऊक.

सनाच्या हळदीला डीजेने त्या तुफान चाललेल्या कॅसेटमधलं गाणं लावलं. तिनेच ते कुठूनसं शोधून दिलं होतं. पोरी नाचू लागल्या. दाऊदभाई ताडकन उठून डीजेकडे निघाले. आता तमाशा होणार म्हणून मी मागोमाग धावलो.

"आवाज वाढव," ते डीजेला म्हणाले.

सना जवळ आली. "डॅडी, हू इज द सिंगर? शी इज सो गुड!"

"मुंबईची एक बाई. भाड्याने आणलेली." मग ते स्पीकरकडे बघत म्हणाले, "गाणं तुझ्या आईचं. तिच्या आजीकडून आलेलं. तीच म्हणणार होती. मला तिचा आवाज गावठी वाटला. शहरात खपणार नाही म्हणून तिला मागे कोरसमध्ये उभी केली."

"पण वहिनींचं दुसरं काही रेकॉर्ड केलं असेल ना?" मी विचारलं.

"घरचीच बाई. कधीही करता येईल म्हटलं."

सनाने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. "विच वन इज शी, डॅडी?"

कोरस आला. दाऊदभाईंनी बोट वर केलं. "ही... नाही, ही शेजारीण. आता बघ, आता..." तेवढ्यात ढोलकी सुरू झाली.

डीजेने आवाज आणखी वाढवला. ढोलकीही वाढली. बापलेक स्पीकरला खेटून उभे होते, आणि हळदीने माखलेल्या पोरी सनाला नाचायला हाका मारत होत्या.