सांभारवडीची वेबसाइट

वेबसाइट बनवाले इंजिनियर लागते, ही अफवा इंजिनियर लोकाईनंच पसरवली असन. मी देवाजी, छत्तीसगढात पोलादाच्या कारखान्यातल्या रोलिंग मिलमधी जिंदगी काढली. लालबुंद लोखंड माह्यापुढं नरम पडलं. वेबसाइट तर फोनात राह्यते. तिची काय टाप आहे मले भारी पडाची!

गोष्ट माह्या बायकोची, मैनाबाईची आहे. ते सांभारवडी करते. आपण मूळचे विदर्भातले लोक कोथिंबिरीले सांभार म्हणतो. बेसनाच्या पारीत सांभार, खोबरं, खसखस भरून तळली का झाली सांभारवडी. रिटायर झालो, कारखान्याचं सेक्टर सहाचं क्वार्टर सोडलं, बाजूच्या रुआबांध्यात घर बांधलं, आन् मागच्या आंगनात मी सांभारच सांभार लावला.

बजारातल्या हिरालालजीनं तिची वडी एकदा खाल्ली आन् पोरीच्या सगाईची ऑर्डर द्याचं बोलले. मैनाबाईची पहिली मोठी ऑर्डर. हरखून गेली बिचारी. म्हणे, "इतके वर्सं लोकाईनं देवाजीच्या घरची वडी म्हणून फुकट खाल्ली. आता मैनाबाईची वडी म्हणून खातीन." हिरालालजीची एकच अट होती. "हम पक्के शाकाहारी लोग हैं. घरवालों को दिखाना पड़ेगा. कोई वेबसाइट-उबसाइट हो तो भेज दो."

आमची पोरगी खुशबू रायपूरले नोकरी करते. तिनं फोनवर सांगतलं, "बाबा, तुमी हात नका लावू. रविवारी मी येते आन् करून देते."

रविवारपर्यंत थांबाले मी काय रेल्वेचा सिग्नल आहो? मी एक अॅप घेतलं. आपण मराठीत बोलाचं, ते हिंदीत वेबसाइट लिहिते आन् फोटोबी स्वतःच लावते. चांगल्या वेबसाइटचा नियम मी व्हिडिओत पाह्यला होता. पाहणाऱ्याले तीन सेकंदात समजलं पायजे का तुमी काय विकता. मंग मी गळा साफ केला आन् बोललो, "आमचा सांभार घरच्या आंगनातला. रोज सकाळी कापतो, एकदम ताजा. कवळा असन तोच घेतो. काई वाया जाऊ देत नाई."

वेबसाइटवर आलं, "आँगन में पाला हुआ सांभर. रोज़ सुबह ताज़ा कटता है. हम सिर्फ़ कम उम्र का काटते हैं. कुछ भी बेकार नहीं जाता." मले वाटलं, हिंदीवाले काना खातात, तसा या अॅपनंबी सांभारचा काना खाल्ला असन. वरती फोटो होता जंगलाचा आन् त्यात मोठ्या शिंगाचं एक जनावर, सरळ माह्याकडं पाहून राह्यलं. म्हणलं वा, छत्तीसगढ म्हणलं का जंगल आलंच. माल किती शुद्ध आहे, हे मशीनले न सांगता समजलं. हिरालालजीले पाठवली, मिलच्या जुन्या दोस्ताईच्या ग्रुपवरबी टाकली.

पहिला फोन लगेच आला. कोणीतरी दबक्या आवाजात इचारलं, "चाचा, सींग भी मिलेगा क्या?"

मले ऐकू आलं शेंग. बरबटीचा, म्हणजे चवळीच्या शेंगाचा, वेल आहेच आमच्या भिंतीवर. म्हणलं, "मिलेगा ना. पीछे लटके हैं. जितने चाहिए तोड़ के ले जाओ."

"कोई देख लेगा तो?"

"देखने दो. मोहल्ले के सब लोग ले जाते हैं."

त्यानं फोन ठेवला. दुसरा फोन हिरालालजीचा. "भाईसाहब, हमारे यहाँ सगाई है, शिकार नहीं." ऑर्डर कॅन्सल! कायले ते इचारेपर्यंत फोन बंद.

मैनाबाई बेसन भिजवत होती. तिनं हात तसेच ठेवले आन् खाली बसली. रडली नाई, भांडलीबी नाई. तीस वर्सात पहिल्यांदा ते भांडली नाई, तवा मले खरी भीती वाटली.

तेवढ्यात दारासमोर जीप थांबली. जंगलवाले! त्याईचे साहेब होते ओमप्रकाशजी, संग चार शिपाई आन् एक जाळं.

"सांभर कहाँ है?"

मले वाटलं, मोठं गिऱ्हाईक आलं. "पीछे आंगन में, साहब."

"ज़िंदा है?"

"सुबह ही पानी दिया."

"कितने हैं?"

"गिनता कौन है? पूरा आंगन भरा है."

साहेबाच्या चेहऱ्याचा रंग गेला. "काटता कौन है?"

"घरवाली. रोज सुबह, नहा-धोकर."

शिपाई दबक्या पावलानं मागं गेले, जाळं पसरून. मंग एक जण हातात जुडी घेऊन आला. "सर, पीछे तो सिर्फ़ धनिया है."

"यही तो है," म्हणलं, "हमारे में इसको सांभार बोलते."

साहेबानं जुडीकडं पाह्यलं, आपल्या फोनात वेबसाइटवरच्या सांबराकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. तसं माह्याकडं आजवर फक्त खुशबूच्या आईनं पाह्यलं आहे.

तेच वाचवाले आली. गरम वड्याईची ताटली समोर ठेवली. साहेबानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, शिपायाईलेबी पुरली नाई. मैनाबाईनं मंग हिरालालजीचा नंबर लावून फोन साहेबाच्या हाती देला. "साहब, आप ही बोल दो. इनका तो कोई मानेगा नहीं."

साहेब तोंडातला घास गिळून बोलले, "जंगल विभाग से बोल रहा हूँ. जाँच हो गई. धनिया है. और भाईसाहब, बहुत बढ़िया है."

ऑर्डर वापस आली, वरून दुप्पट. मैनाबाईच्या डोळ्यात पाणी आलं.

आता झालेली चूक सुधारनं माहं काम होतं. खुशबू फोनवर ओरडली, "बाबा, नका करू," पण मी वेबसाइटवरून सारा सांभार काढून टाकला. आपल्यात या वडीले पुडाची वडीबी म्हणतात, तेच नाव बोललो. "घरी बनवलेली पुडाची वडी. एकदा खाल्ली का सुटत नाई."

वेबसाइटवर आलं, "घर की बनी पुड़िया. एक बार ली, तो छूटेगी नहीं."

काल पुन्हा दारासमोर जीप थांबली. यावेळी जंगलवाले नव्हते, गांजा पकडणारे पोलीस होते. मैनाबाईनं खिडकीतून पाह्यलं, माह्याकडं पाह्यलंबी नाई.

"कढई ठेवते," म्हणे. "किती जण आहेत, तेवढं मोजून सांगा."