मधाच्या बोटाचा ठराव

घनसावंगीला माहेरी आलेल्या राजनंदिनीला मुलगा झाला. वजन व्यवस्थित, दूध ओढण्यात तरबेज, पोट भरलं की ढाराढूर. जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नको. इतक्या सुरळीत चाललेल्या कामात सुधारणा करणं नातेवाइकांना भागच होतं.

बाळाला पहिलं मधाचं बोट जो चाटवतो, त्याचे गुण बाळ घेतं, ही दोन्ही घरांची पक्की समजूत. तेव्हा बोट कुणाचं, हा प्रश्न ऐरणीवर आला. राजनंदिनीचे वडील अण्णासाहेब पंचायत समितीतून निवृत्त झालेले. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली. धावड्याहून सासूबाई चांगुणाबाई मधाची बाटली घेऊनच आल्या.

"पोरगं आमच्या खानदानाचं हाय. बोट माझं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, तुमच्या खानदानात कुणी मॅट्रिक तरी झालं का?"

"झालं न्हाई इवाई, पण कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं बी राह्यलं न्हाई!"

बाटलीचं झाकण उघडलं तसं राजनंदिनीनं बाळाला पदराखाली घेतलं. एकदा बोट तोंडात गेलं की मग गुळाचं पाणी, मग घुटी, मग वरचं दूध. सरळ नाही म्हणावं, तर कालची पोर आम्हाला शिकवते, हे ठरलेलं. ती मान खाली घालून म्हणाली, "अण्णा, एवढा मोठा विषय. एकमत झाल्याबिगर बोट लावलं, तं उद्या कुणी हरकत घेईल."

अण्णासाहेबांचा चेहरा खुलला. "बराबर! एकमत होईस्तोवर जैसे थे!"

मामांच्या बोटावर तंबाखूचा आक्षेप आला. काकांचं बोट उपसमितीकडे गेलं. बैठकीमागून बैठक तहकूब होत राहिली आणि आतल्या खोलीत बाळ दूध पिऊन बाळसं धरत राहिलं. राजनंदिनीला हसू आवरेना.

सहा महिने सरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुधासोबत मऊ वरणभात सुरू करा. तिनं वाटी आणली आणि दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"बिलकुल न्हाई!" अण्णासाहेब कडाडले. "आईच्या दुधावर एवढं गुटगुटीत झालं. चालू पद्धतीत बदल कशाला?"

"मी तं पहिल्यापासून हेच म्हणून राह्यले," चांगुणाबाईंनी अनुमोदन दिलं.

ठरावाची भाषा ठरेपर्यंत राजनंदिनीनं अर्धी वाटी भरवून टाकली.

हसलात ना? हसा. पण परवा शेजारची बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तुम्हीही पोटभर पिऊन झोपलेलं बाळ बघायला गेलात. चपला काढता काढता तिला पहिला प्रश्न कोणता विचारलात?

"दूध पुरतंय का गं?"