आप्पांचे तीन फिल्टर

आमच्या गल्लीत हातात बॅग घेतलेला कुणीही अनोळखी माणूस दिसला, की शेजारचे शिवराजआप्पा त्याला ओढत घरात नेतात, चहा पाजतात आणि न विचारता सांगतात, "मी दारू पीत न्हाई बगा. भांडण तर आमच्या खानदानातच न्हाई."

आप्पांची उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा आवाज सुटला की हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून शिव्या ऐकत उभे राहायचे. दोन घरांमधल्या नालीवरून माझं नि त्यांचं सात वर्षं वाजलेलं. मी पडलो हेडमास्तर, मला उलट शिव्याही देता येत नव्हत्या.

मग त्यांचा एकुलता एक महेश ऑस्ट्रेलियात नोकरीला गेला. एकदा फोनवर तो बोलून गेला, की तिथल्या मंत्र्याला एखाद्या परदेशी माणसाचं चारित्र्य बरं वाटलं नाही, तर तो व्हिसा रद्द करून त्याला घरी धाडू शकतो. आप्पांनी याचा अर्थ आपल्या रीतीनं लावला. सोयरीक जुळवताना पोराला कोण विचारतं? चौकशी होते ती मोंढ्यात, न्हाव्याकडे, शेजारी. बाप कसा, घर कसं. म्हणजे मंत्र्याची माणसं उदगीरला येणारच!

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा हात जोडून माझ्या दारात हजर. "शरणार्थ, सर. नाली तुमची. कुणी इचारलं तर सांगा, आप्पा लई शांत माणूस हाय."

मी त्या मंत्र्याला मनातून हात जोडले.

शिव्यांची सवय मात्र सुटेना. राग अनावर झाला की आप्पा घरामागच्या गोदामात जायचे, दार लावून तुरीच्या पोत्यांना मनसोक्त शिव्या घालायचे आणि हसतमुखानं बाहेर यायचे. शिवाय चांगल्या वागणुकीचे दाखले जमवायचं वेड लागलं. न्हाव्यानं लिहून दिलं होतं, 'दाढी करताना मान हलवत नाहीत. स्वभाव थंड.'

एकदा टाय लावलेला एक जण आला आणि वही उघडून म्हणाला, "घरात कोण कोण असतं?" आप्पांनी मला साक्षीला बोलावलं. मी तसाच अंघोळीतून टॉवेलवर गेलो. अर्ध्या तासानं कळलं, तो पाण्याचे फिल्टर विकत होता. मी हसायला लागलो, तर आप्पा कानाशी म्हणाले, "हळू! भेस बदलून आला असंल." आणि त्यांनी फिल्टर घेतला. पुढे आणखी दोघे 'भेस बदलून' आले. आता त्यांच्या घरी तीन फिल्टर आहेत.

गेल्या महिन्यात महेशनं तिथं कायमचं राहायचा अर्ज भरायला घेतला. आप्पा शाळेत आले, ऑफिसचं दार लोटून बसले. "आमचा महेश तुमच्याच शाळंतला. त्याचा चारित्र्याचा दाखला द्या." त्यानं मागितला नव्हता, पण आप्पांना कोण समजावणार! मी लिहायला लागलो.

"सर, मंत्र्याच्या मनात आलं तर खरंच वापस धाडतेत?"

"कायदाच तसा आहे म्हणतात."

आप्पा टेबलावरचा शिक्का उलटासुलटा करत राहिले. "मग... पोरगं लई वांड हाय, असं लिवलं तर?"

मला वाटलं, चेष्टा. वर पाहिलं तर आप्पा हसत नव्हते.

"त्याची माय गेली, ह्यो तिकडं. घरात तीन फिल्टर हायत, सर. पाणी पिणारा मी एकटा."

मला फार वाईट वाटलं. पेन तसंच हातात राहिलं. शेवटी आप्पांनीच नाक पुसलं. "न्हाई, न्हाई. चांगलंच लिवा. पोरगं चांगलंच हाय." मी 'वर्तणूक उत्तम' लिहून शिक्का मारला.

त्या दिवशी संध्याकाळी गोदामाचं दार लागल्याचा आवाज आला. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. आतून एक शब्द येईना. मग मीच नाली ओलांडून गेलो आणि दार वाजवलं.

"आप्पा, तहान लागलीय. पाणी पाजता का?"

आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"कोणत्या फिल्टरचं देऊ, सर?"