पाच कोंबड्यांची कवच-बळकटी मोहीम

ज्या वस्तूची तपासणी झालेली नाही ती वस्तू आहे असं धरून चालणं सुधारलेल्या समाजाला शोभत नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निष्कलंक सेवा करून निवृत्त झालेल्या साहेबांना हे पुरतं पटलेलं होतं. (एकदा त्यांनी खुद्द सासऱ्यांच्या दुकानातला तराजू जप्त केला होता. सासरे त्यानंतर कधी घरी आले नाहीत, आणि तराजूही परत मागितला नाही.)

अशा माणसाच्या परसात कोंबड्या आल्या त्या बायकोमुळे. हिवाळ्यात ओट्यापासून फडताळापर्यंत जाताना ती साधी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो उजेडासमोर धरला, हाडं ठिसूळ होत चालली आहेत म्हणाल्या, आणि तीन गोष्टी लिहून दिल्या. रोज एक कॅल्शियमची गोळी, रोज एक अंडं आणि रोज वीस मिनिटं ऊन.

"आणि आता पडायचं नाही हं, काकू," त्या म्हणाल्या. "पुढचं हाड इतक्या सहज जुळणार नाही."

साहेबांनी तिन्ही गोष्टी वहीत टिपून घेतल्या. बायकोवर त्यांचा जीव होता, फक्त तो मोजायचं साधन खात्यात उपलब्ध नव्हतं. बाजारातल्या अंड्यावर विश्वास टाकणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात परसात खुराडं उभं राहिलं आणि त्यात क्रमांक एक ते पाच अशा कोंबड्या आल्या.

पहिलं अंडं साहेब स्वतः घेऊन आले, आणि स्वयंपाकघराच्या दारात ते त्यांच्या मुठीतच फुटलं. बलक कोपरापर्यंत ओघळला.

"असू दे हो," बायको वाटी पुढे करत म्हणाली. "ऑम्लेट करून टाकते."

"मुळीच नाही. ज्याला स्वतःचा भार पेलत नाही, ते तुझ्या हाडांना काय बळ देणार?"

मोहीम सुरू झाली ती अशी. खुराड्याच्या दारावर परिपत्रक लागलं. (ते वाचल्याची सही करण्याची अट पुढे शिथिल करण्यात आली, कारण क्रमांक दोनने परिपत्रकच फस्त केलं.) शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, कोंबडी हवा तेवढा खाईल असा. वापरलेली कवचं तव्यावर भाजून, कुटून पुन्हा खाद्यात. पालक बंद, कारण तो कॅल्शियम अडवून धरतो असं कोंबडीपालनाच्या पुस्तकात होतं. उरलंसुरलं अन्नही बंद, कारण त्याने पोट भरलं की कोंबडी चुऱ्याकडे ढुंकून बघत नाही. इथपर्यंत कुणाला नाव ठेवायला जागा नाही.

मग चाचणी आली. वाळूच्या वाडग्यात अंडं आडवं ठेवायचं आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या किलोने वजनं चढवायची. उत्तीर्ण होण्यास किमान चार किलो. त्याआधी फुटलं तर ते अनुत्तीर्ण, आणि वाळू मिसळल्यामुळे माणसाने खाण्यास अयोग्य. टिकलं तर ते अधिकृत नमुना. त्याला लाखेची मोहोर आणि तारखेची चिठ्ठी लागायची आणि ते काचेच्या कपाटात जायचं. नमुना खाणं हा साहेबांच्या खात्यात गुन्हा होता.

पहिल्या तीन महिन्यांचा गोषवारा असा: एकूण अंडी २७४, अनुत्तीर्ण २५९, उत्तीर्ण १५, रुग्णाच्या ताटात ०. (हे शून्य साहेबांनी फार सुबक काढलं होतं.)

"अहो, मला एखादं नापासही चालेल," बायको म्हणाली.

"तुला चालेल गं. पण मी तुझ्या हाडांशी खेळ करू का?"

तिने भाजी चिरायला घेतली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि कुठे बोलून उपयोग नाही याचा तिचा अभ्यास पक्का होता.

चौथ्या महिन्यात प्रगती खुंटली. क्रमांक तीन (बायकोच्या भाषेत 'ठकी') साडेतीन किलोंच्या वर सरकेना. साहेब चार दिवस चिडचिडले. मग त्यांचं लक्ष फडताळातल्या गोळ्यांच्या बाटलीकडे गेलं. बायकोच्या पोटात गेलेली गोळी हाडापर्यंत पोहोचली की नाही, हे कळायला मार्ग नाही. तीच गोळी कोंबडीच्या पोटात गेली, तर निकाल दोन दिवसांत वाळूच्या वाडग्यात. शिवाय ते कॅल्शियम जाणार कुठे? अंड्यावाटे शेवटी बायकोकडेच येणार. तेव्हा गोळीचा मार्ग फक्त थोडा लांबला, ती बंद झाली असं कुणालाही म्हणता येणार नाही. रोज सकाळी खलबत्त्यात गोळी कुटली जाऊ लागली.

मग पुस्तकात निघालं की कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवं. परसात उन्हाचा तुकडा एकच होता, भिंतीलगतचा, आणि तिथे बायकोची खुर्ची होती. खुर्ची तात्पुरती पडवीत हलवण्यात आली. (खुर्चीची लेखी हरकत आली नाही.) बायको सावलीत शाल पांघरून बसायची आणि उन्हात लोळणाऱ्या ठकीकडे बघायची.

"सुखी आहे हो ठकी," ती एकदा म्हणाली. साहेबांनी हा अनुकूल शेरा म्हणून वहीत उतरवून घेतला.

आणि यश आलं! ठकीच्या एका अंड्याने साडेसहा किलो पेलले. शेजारचा शिंपी हातातलं काम टाकून बघायला आला आणि अंड्याभोवती टेप फिरवून गेला. साहेबांचे डोळे भरून आले. महिन्याभरानंतरही साहेब त्याच आनंदात चिठ्ठ्या लिहीत बसले होते, म्हणून ठकीचं ताजं अंडं आणायला बायको गेली. परसभर शिंपल्यांचा चुरा पसरला होता. परतताना तिचा पाय त्यावरून सर्रकन गेला, हातातलं अंडं उडालं आणि थेट कपडे धुण्याच्या दगडाच्या दिशेने निघालं.

ते दगडावर आपटलं. तिथून उसळून बादलीच्या कडेला लागलं, मग फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत चुलीच्या लाकडांपाशी जाऊन थांबलं. साहेब धावत आले. त्यांनी अंडं उचललं, उजेडाकडे धरलं, नखाने वाजवलं, कानाशी नेलं. तडा नाही. चरा नाही. केस जाईल इतकीही रेघ नाही!

"अंड्याला लागलं का हो?" बायकोने जमिनीवरून विचारलं.

"जराही नाही गं!" साहेबांनी अंडं पुन्हा उजेडाकडे धरलं. "जराही नाही!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"गोळ्या नियमित जात होत्या ना?"

बायकोने साहेबांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत खोटी नोंद न केलेल्या साहेबांनी मान खाली घालून उत्तर दिलं, "एकही दिवस चुकलेला नाही."

ते खरंच होतं, आणि तरी पहिल्यांदाच त्यांना एक खरी नोंद करताना लाज वाटली. त्या संध्याकाळी कपाट उघडून त्यांनी साडेसहा किलोवालं अंडं बायकोसाठी बाहेर काढलं आणि मोहोर फोडली. पण ते महिनाभर जुनं निघालं.

नंतर लोक भेटायला येऊ लागले. शिंपी आला, दूधवाला आला, जुन्या खात्यातले दोघे आले. सगळ्यांनी दगडावर आपटलेलं अंडं हातात घेऊन पाहिलं, चुऱ्याचं प्रमाण लिहून घेतलं, आणि निघताना दारातून म्हणाले, "काकूंना सांगा, विश्रांती घ्या."

अशा लोकांना वाचकांनी खुशाल हसावं. फक्त वर एकदा नजर टाकावी. अंडं कुठे आपटलं, कुठून उसळलं आणि कुठे थांबलं हे सगळं तिथे दिलेलं आहे. काकूंचं या वेळी काय मोडलं हे कुठेही दिलेलं नाही, आणि तुम्हीही इथवर वाचत आलात.