पाहुण्यांनी बेटावर कसे धावावे

"तुम्ही रोज धावता ना?" असं जनकोजींनी लिफ्टपाशी विचारलं तेव्हा प्राणेश "नाही" म्हणणार होता. अगदी खरं सांगायचं तर त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात लिफ्ट आली, आत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यादेखत "नाही" म्हणायचं जिवावर आलं म्हणून प्राणेश नुसता हसला. (आयुष्यात त्याने जेवढे म्हणून घोटाळे केले ते सगळे असे नुसते हसूनच केले आहेत. मुलगी बघायला गेला तेव्हाही तो हसलाच होता, पण तो विषय त्याच्या बायकोसमोर, वसंतेसमोर, नको.)

जनकोजी म्हणजे अपार्टमेंट असोसिएशनचे सेक्रेटरी, आणि प्राणेशच्या घरच्यांसारखेच पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून जुन्या वळणाचं मराठी बोलणारे. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास त्यांनी 'आयलंड रन' ठरवली होती आणि बाहेरून धावणारे पाहुणे येणार होते. "त्यांच्यासाठी चार ओळी लिहा," ते म्हणाले. "लोकल रनरचा सल्ला. रोज पहाटे बूट घालून निघतां तुम्ही, बघतों की मी! आणि इन्शुरन्सच्या हपिसांतले तुम्ही, ड्राफ्टिंग तुमच्याशिवाय कोणास येणार?"

आता हे बेट म्हणजे अड्यार नदी समुद्राला मिळते तिथलं. तेही फक्त कागदोपत्री बेट. एका बाजूचं पाणी कधीच बुजलं, आता तिथे गाड्या उभ्या करतात. पण पत्त्यात 'आयलंड' हा शब्द असल्यामुळे राहणाऱ्यांना आपण काहीतरी वेगळे आहोत असं वाटत राहतं, आणि असोसिएशनच्या मीटिंगा लांबतात.

प्राणेशच्या बुटांची हकिकत अशी. गेल्या वर्षी त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, वसंतेने ते धावणं असं ठरवलं आणि महागाचे बूट आणून दाराशी ठेवले. तेव्हापासून प्राणेश रोज अंधारात घराबाहेर पडतो. घराच्या गॅलरीतून जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंत तो हात हलवत झपाझप जातो. पुढे कोपरा वळला की धनलक्ष्मीची टपरी. तिथल्या बाकावर बसून दोन मेदुवडे आणि एक कॉफी. दुसऱ्या वड्याचा अर्धा तुकडा मणीला. मणी म्हणजे तिथलंच एक तपकिरी कुत्रं, एक कान उभा आणि एक पडलेला. मग माणसाला धावायला लागेल एवढा वेळ झाला की टपरीच्या पिंपातलं पाणी कपाळावर आणि मानेवर शिंपडायचं आणि धापा टाकत घरी यायचं. वसंता घाम पाहून समाधानाने लिंबूपाणी द्यायची, बिनसाखरेचं.

तेव्हा सल्ला लिहायला बसला तो हा माणूस. पण गंमत अशी की सल्ला फार उत्तम उतरला. धावणाऱ्याला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त पुढचं पाऊल दिसतं. बाकावर बसलेल्याला सगळं दिसतं. कोण कुठे घसरतो, वारा कुठून येतो, मासळीच्या टोपल्या रस्त्यात कधी उतरतात, कोणते आजोबा पळत्या माणसाला थांबवून गाव विचारतात, हे सगळं प्राणेशने वर्षभर वडा खात पाहिलं होतं. त्याने झकास इंग्रजीत लिहिलं, की खाडीच्या बाजूने जाताना आधी वाऱ्याविरुद्ध धावावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, पहाटे दारोदारी बायका तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, म्हणजे कोलम, काढतात, त्यावर पाय पडू देऊ नये, वळसा घालून चालत जावे. कुत्रे भुंकले तर मुळीच पळू नये, जागच्या जागी उभे राहावे, नजर खाली ठेवावी आणि शांतपणे "पो, पो", म्हणजे "जा, जा", म्हणावे. ते निघून जाते. खाली नाव: प्राणेश, लोकल रनर.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण प्राणेशच्या मुलीने, रंजनीने, कौतुकाने तो सल्ला अनिकेतला पाठवला. अनिकेत तिच्याच ऑफिसातला, नाशिकचा, आता इथेच वेलचेरीत राहणारा. दोघांना लग्न करायचं होतं आणि सहा महिने सगळं अडलं होतं अनिकेतच्या वडिलांपाशी. त्र्यंबकराव साठीचे, मॅरेथॉन धावणारे. त्यांना ना भाषेची अडचण होती ना भाताची. त्यांचा प्रश्न एकच होता: मुलीच्या वडिलांना शुगर आहे, माणूस बैठ्या कामाचा, अशा आळशी घरातून सून आणायची का?

त्यांनी सल्ला वाचला आणि अनिकेतला फोन केला. "माणूस शिस्तीचा दिसतो रे. हे धावल्याशिवाय लिहिता येत नाही. मी येतो. त्यांच्याबरोबर एकदा धावतो आणि मग काय ते सांगतो."

रंजनीने ही बातमी सांगताना वडिलांच्या गळ्यात हात टाकले. "अप्पा, तुम्हीं वांचवलें मला!" ती म्हणाली, आणि प्राणेश नुसता हसला.

त्या दिवसापासून त्याचं बूड एका जागी ठरेना. ऑफिसात खुर्चीवरून उठायचा, खिडकीपाशी जायचा, परत यायचा. घरी गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत. (वर्षभरात चालला नसेल एवढा तो त्या आठवड्यात चालला.) पाय मुरगळल्याचं सांगावं का? पण मग ते थांबतील, बरा होईपर्यंत. ताप आला म्हणावं, तर वसंता थर्मामीटर लावेल. एकदा तो खरंच धावून बघायला गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला आणि टाकीला टेकून बराच वेळ उभा राहिला.

त्र्यंबकराव आले. पोटाचा पत्ता नाही, पायांच्या नुसत्या तारा. जेवताना त्यांनी डब्यातली नाचणीची भाकरी काढली आणि वसंतेने केलेल्या सांबाराकडे दुरून आदराने पाहिलं. झोपायला जाताना दाराशी थांबून म्हणाले, "प्राणेशराव, पहाटे तुम्ही पुढे, मी मागे. तुमचा सल्ला मला पाठ आहे."

पहाटे प्राणेशने स्वेटर घातला, मफलर बांधला आणि माकडटोपी चढवली.

"एवढी थंडी?" त्र्यंबकरावांनी विचारलं. ते अर्ध्या चड्डीत होते.

"मार्गळी आहे," प्राणेश टोपी नाकापर्यंत ओढत म्हणाला. टपरीवरून जाताना धनलक्ष्मीने ओळखू नये एवढंच त्याला हवं होतं.

खाली वसंता इमारतीच्या दारापुढे कोलम काढत होती. होणाऱ्या व्याह्यांसाठी तिने अंधारातच सुरुवात केली होती. फाटकापासून रस्त्यापर्यंत कमळं, मोर, लाल-हिरवे रंग, आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. "पाय जपून!" ती ओरडली. दोघे कडेने निघाले.

आणि मार्गळीने प्राणेशवर कृपा केली. रस्ताभर दारोदारी कोलम! धावायला जागाच नव्हती. "वळसा घालून चालत जावे," त्र्यंबकराव मागून म्हणायचे आणि दोघे चालायचे. मध्ये मोकळी जागा आली की प्राणेश पाच-सहा पावलं उडाल्यासारखं करायचा, तोवर पुढचं कोलम. दोन घरं पलीकडच्या वाणीअम्मांनी तर आख्खा रथ काढला होता, घोड्यांसकट. प्राणेशने मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला. असंच चालत चालत खाडीपर्यंत गेलं की तिथल्या वाऱ्याला दोष देऊन परत फिरायचं, असा त्याचा बेत होता, आणि तो जवळजवळ जमला होता.

कोपरा आला. टपरी आली. धनलक्ष्मी वडे तळत होती, तिने माकडटोपीकडे पाहिलं आणि पुन्हा कढईत पाहिलं. प्राणेशचा जीव भांड्यात पडला.

पण मणीला चेहऱ्याशी काही कर्तव्य नव्हतं. बाकाखालून तो उठला, पडलेला कान उभा केला आणि आपला माणूस वड्याशिवाय पुढे चालला आहे हे पाहून मोठ्याने भुंकला.

"थांबा!" त्र्यंबकराव म्हणाले आणि जागच्या जागी उभे राहिले. नजर खाली. "पो, पो. प्राणेशराव, मुळीच पळू नका. तुम्हीच लिहिलंय."

प्राणेशला ते माहीत होतं. पण उभं राहिलो तर काय होईल हेही माहीत होतं. मणी अंगावर चढेल, हात चाटेल, खिसा हुंगेल, आणि मग बाक, वडा, पिंपातलं पाणी, सगळं उघड्यावर येईल. रंजनीचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आणि प्राणेश पळाला.

असा पळाला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. मफलर मागे उडाला, टोपी डोळ्यांवर आली. मणीला वाटलं आज खेळायचं आहे, तो दुप्पट आनंदाने मागे लागला. वाणीअम्मांच्या रथातून प्राणेश आरपार गेला, पुढच्या घरचा हत्ती त्याने सोंडेपासून शेपटीपर्यंत तुडवला, बायका "अय्यय्यो!" करत पिठाचे डबे घेऊन भिंतीला चिकटल्या. तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता, पण ते शब्द मागे मणीला ऐकू येत होते, बायकांना नाही. शेवटी आपल्या इमारतीचं फाटक दिसलं आणि ओल्या रांगोळीवर पाय घसरून तो वसंतेच्या मोरावर सपशेल आडवा झाला. मणी त्याच्या छातीवर बसला आणि तोंड चाटू लागला.

रंजनी धावून येणाऱ्यांसाठी कॉफीचा ट्रे घेऊन खाली दारात उभी होती.

"चावला काय हो?" वसंता ओरडली. मग तिने नीट पाहिलं. "हा तर शेपूट हालवतो आहे. तुम्हांस ओळखतो हा?"

उत्तर प्राणेशला द्यावं लागलं नाही. धनलक्ष्मी धावतच आली होती, हातात केळीच्या पानाची पुडी. "एन्न सार, इन्निक्कि वडै वेंडामा?" तिने काळजीने विचारलं. आज वडा नको का, एवढंच. रोजचं गिऱ्हाईक असं पळालं म्हटल्यावर तिला वाटलं, आपलं काही चुकलं.

वसंतेने पुडी उघडली. दोन मेदुवडे. तिने एकदा वड्यांकडे आणि एकदा नवऱ्याच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. "वर्षभर?" तिने विचारलं. प्राणेश हसायला गेला, पण तोंडात पीठ होतं.

तेवढ्यात पावलांचे रंगीत ठसे बघत बघत वाणीअम्मा आणि आणखी चारपाच बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आणि त्यांच्या मागून, राहिलेल्या प्रत्येक कोलमाला शिस्तीत वळसा घालत, त्र्यंबकराव आले.

प्राणेश उठून बसला. त्याच्या बुटाला भोपळ्याची तीन फुलं चिकटली होती. आपण पोरीचं वाटोळं केलं असं त्याला वाटलं. "त्र्यंबकराव," तो म्हणाला, "रंजनीला कांहीं ठाऊक नव्हतें. तिचा दोष नाहीं."

"मला कालच कळलं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "तुमचे बूट पाहिले दाराशी. वर्षभराचे बूट आणि तळवे नवे कोरे. धावणारा माणूस आधी दुसऱ्याचे तळवेच बघतो."

"मग पहाटे बरोबर आलांत कशास?" प्राणेशने विचारलं.

"म्हटलं बघू, कुठवर रेटताय. थकून बसाल, पाय धराल, काहीतरी सांगाल असं वाटलं होतं. पण तुम्ही पोरीसाठी जे काय पळालात! वीस वर्षांत मला कुणी असं मागे टाकलं नव्हतं." ते फाटकाच्या कठड्यावर टेकले. "लग्न होऊ द्या. अनिकेतला मीच सांगतो."

रंजनीने ट्रे खाली ठेवला आणि ती रडायला लागली. वसंताही डोळे पुसू लागली, पुडी मात्र तिने घट्ट धरून ठेवली होती. त्र्यंबकराव त्या पुडीकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते.

"वहिनी, यांना चालत नाहीत ना हे?" त्यांनी विचारलं.

"मुळींच नाहीं."

"मग वाया जायला नकोत," असं म्हणून त्यांनी एक वडा उचलला. दुसऱ्याचा अर्धा मणीला दिला आणि उरलेला अर्धाही खाल्ला. नाचणीची भाकरी त्या दिवशी डब्यातच राहिली.

वाणीअम्मांनी शिक्षा सुनावली ती प्राणेशने मुकाट्याने ऐकली. पोंगलपर्यंत रोज पहाटे रस्त्यातल्या प्रत्येक दारापुढे त्याने झाडायचं, पाण्याचा सडा टाकायचा, आणि मगच बायका कोलम काढणार. बादल्या वाहून त्याला खराखुरा घाम येऊ लागला. लिंबूपाणी मात्र बंद झालं, कारण वसंतेचा आता घामावर विश्वास राहिला नव्हता.

'आयलंड रन' ठरल्याप्रमाणे झाली. पाहुणे पुष्कळ आले आणि सल्ल्याचा कागद प्रत्येकाच्या हातात होता. जनकोजींनी त्यात एकच दुरुस्ती केली होती, कुत्र्याच्या जागी. "बेटावरील कुत्र्यांपासून कोणतेही भय नाही. मात्र कोलमांवरून पळत येणारे एक स्थानिक गृहस्थ दिसल्यास धावू नये. जागच्या जागी उभे राहावे, नजर खाली ठेवावी आणि शांतपणे 'पो, पो' म्हणावे. ते निघून जातात."

खाली नाव तेवढं त्यांनी बदललं नव्हतं: प्राणेश, लोकल रनर.